होय म्हणणारे सुटले, नाही म्हणणारे लटकले

प्रश्न : सर, नमस्कार. मी सोलापुरात एका हायस्कूलला इंग्रजी शिकवते, नववी आणि दहावी. यंदा पुस्तकाबाहेरचं काहीतरी करू म्हणून आर्थर मिलरचं 'द क्रुसिबल' हे नाटक घेतलंय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक तास, वीस-बावीस पोरं आवडीनं थांबतात. जमलं तर गॅदरिंगला एक अंक बसवायचाय. पण गाडी तीन ठिकाणी अडकलीय. पोरांना हे सगळं तिकडचं, जुनं, अडाणी लोकांचं वाटतं, भुताची गोष्ट म्हणून हसतात आणि विसरतात. दुसरं, एक पालक येऊन विचारून गेले की बाई तुम्ही पोरांना जादूटोणा शिकवताय का. आणि तिसरं, त्यातलं प्रॉक्टर आणि ॲबिगेलचं प्रकरण नववीच्या वर्गात सांगायचं कसं? हेडसर म्हणतात तेवढं गाळा. काय करू?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : बाई, पहिला प्रश्न सुटला की बाकीचे दोन निम्मे सुटतात, म्हणून जास्त त्यावरच बोलतो.

नाटक न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. मॅसॅच्युसेट्स, तेव्हा इंग्रजांची वसाहत, तिथल्या सालेम गावात १६९२ च्या सुरुवातीला दोन-चार पोरींना झटके यायला लागले, डॉक्टरला काही कळेना, मग कुणीतरी करणी केलीय असं ठरलं आणि मोठ्या माणसांनी पोरींना विचारलं, सांगा कोण छळतंय तुम्हाला. पोरींनी नावं सांगितली. मिलरनं त्यावर चार अंकी नाटक लिहिलं, ते १९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला रंगमंचावर आलं. त्यातला जॉन प्रॉक्टर हा शेतकरी जीव वाचवायला खोटी कबुली देतो, दुसऱ्यांची नावं मात्र सांगत नाही, आणि सहीचा तो कागद चर्चच्या दारावर ठोकणार म्हटल्यावर, निदान माझं नाव तरी राहू द्या म्हणत फाडून टाकतो आणि फासावर जातो.

आता, "अडाणी लोकांची गोष्ट" हे पोरांच्या डोक्यात घालतो कोण? आपणच. आपण सुरुवातच "अंधश्रद्धा वाईट" अशी करतो, म्हणजे उत्तर आधीच फुटलेलं, पोरं मान डोलावतात, दहापैकी सात मार्कांचा निबंध लिहितात, विषय संपला. चेटूक जरा बाजूला ठेवा. पहिल्या शनिवारी फळ्यावर नुसता हिशोब मांडा. आरोप झालेले दीडशेच्या वर. फाशी एकोणीस, त्यात चौदा बायका. गाइल्स कोरी नावाचा ऐंशीच्या आसपासचा म्हातारा, त्यानं खटल्याला उभं राहायलाच नकार दिला तर अंगावर दगड रचून मारलं. तुरुंगात मेलेले किमान पाच. आणि मग शेवटची ओळ लिहा : ज्यांनी "होय, मी चेटूक करते" असं कबूल केलं आणि त्यावर टिकून राहिले, त्यातल्या एकालाही फाशी झाली नाही. सॅम्युअल वॉर्डवेल म्हणून एक होता, त्यानं आधी कबूल केलं, मग शब्द फिरवून खरं सांगितलं, त्याला मात्र लटकवलं.

एवढं लिहून खडू ठेवा आणि गप्प बसा. मी हे केलंय. पहिली दोन मिनिटं काही होत नाही, मग मागच्या बाकावरनं एखादा म्हणतो, "सर, हे उलटं झालं की." हेच "उलटं झालं की" हातात धरून पुढचं सगळं नाटक शिकवायचं. खोटं बोललास तर घरी जा, खरं बोललास तर फास. आणि कबूल केलंस तर नुसतं स्वतःपुरतं चालत नाही, आणखी कोण कोण होतं ते सांग. प्रत्येक कबुलीतनं दोन-चार नवी नावं निघणार, म्हणून तर एका गावात सुरू झालेलं आसपासच्या गावांत पसरून दीडशेच्या वर गेलं.

आता एक सांगतो, हे लिहावं का नको ते दोन दिवस ठरेना. बऱ्याच वर्षांपूर्वी मी नववीचा क्लासटीचर होतो, शाळेचं नाव नको. विजापूरच्या सहलीचे पैसे गोळा करत होतो, मधल्या सुट्टीनंतर मोजले तर शंभराची एक नोट कमी. वर्गाला विचारलं. एकानं हळूच सांगितलं, सर तो तुमच्या टेबलाजवळ होता. तो म्हणजे शेवटच्या बाकावरचा, आई विड्या वळायची, सहलीचे पैसे त्यानं अजून भरले नव्हते, झालं, मला तेवढं पुरलं. मग दुसऱ्यानंही त्याला टेबलाजवळ पाहिलेलं निघालं, मग तिसऱ्यानं, चौथ्यानं, आणि पाचव्यानं तर त्याच्या हातात नोट बघितली होती. मी त्याला स्टाफरूमबाहेर उभं केलं. मारलं नाही, उलट फार प्रेमानं म्हणत होतो, कबूल कर बाळा, मी काही करत नाही, लगेच घरी सोडतो. पावणेपाचला तो म्हणाला, "होय सर, मी घेतली." दुसऱ्या दिवशी त्याची आई आली, पदराची गाठ सोडून दहा-दहाच्या नोटा माझ्या टेबलावर मोजून ठेवल्या. आठ-दहा दिवसांनी महिनाअखेरची हजेरी काढताना कॅटलॉगच्या मागच्या महिन्याच्या पानात ती नोट मिळाली. मीच ठेवली होती. पैसे परत द्यायला घरी गेलो तर ती माऊली म्हणते, सापडली न्हवं सर, मग झालं. पोरगा काही बोलला नाही. सहलीला आला नाही. आणि ते पाच साक्षीदार? मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. पाचव्याचं उत्तर मला अजून पाठ आहे, "सर, सगळेच म्हणूलालते की, मग मलापण दिसल्यासारखं वाटलं."

सालेमच्या कोर्टात नेमकं हेच पुरावा म्हणून चाललं. पोरीला आरोपीचं भुतासारखं रूप दिसलं म्हणायचं, ते दुसऱ्या कुणालाच दिसत नाही, पण तिला दिसलं ना मग झालं. आरोपी त्या वेळी घरी झोपलेला असला तरी त्याचं रूप इथं येऊन चिमटे काढत होतं. यावर वकील काय बोलणार? गव्हर्नर फिप्सनं ऑक्टोबर १६९२ मध्ये ते खास कोर्ट बंद केलं आणि पुढच्या कोर्टात हा दिसण्याचा पुरावा चालेनासा झाला, तेव्हा खटले भसाभस पडले.

म्हणून नाटकातला न्यायाधीश डॅनफोर्थ पोरांना खलनायक म्हणून दाखवू नका. शांत माणूस, कायदा पाठ, प्रामाणिक. पण चौथ्या अंकापर्यंत त्याच्या सहीनं बारा जण लटकलेत, आता तेराव्याला सोडलं तर लोक विचारणार की मग त्या बाराचं काय. त्याची गोची तिथं आहे. हेडसर, मी, तुम्ही, आपण सगळे कधी ना कधी त्या खुर्चीत बसलोय, हातात छडी असो नसो.

पूर्ण नाटक वाचायच्या भानगडीत पडू नका. पहिल्या अंकात मिलर मध्येच थांबून पानंच्या पानं माहिती देत बसतो, ते पोरांना झेपत नाही, तुम्ही तोंडी सांगा. सांगताना जमिनीची भांडणं मात्र सोडू नका. पुटनम नावाचा पैसेवाला, त्याची पोरगी ज्याचं नाव घेते त्याची जमीन स्वस्तात मिळण्याची सोय होते असा त्याच्यावर आरोप आहे. मोहोळ-बार्शीकडची पोरं असतील वर्गात, बांध कोरण्यावरनं भावकीत काय होतं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. पोरींनी पहिलं खोटं का बोललं तेही सांगा, त्या रात्री जंगलात नाचल्या होत्या, त्या गावात नाचणं म्हणजे पाप, फटके बसणार म्हणून घाबरल्या. तास बुडवून कंबर तलावावर गेलेल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग सरळ तिसरा अंक घ्या. त्याच पोरींतली मेरी वॉरन कोर्टात खरं सांगायला आलीय, आणि बाकीच्या पोरी ती बोलेल ते शब्द तसेच्या तसे एका सुरात परत बोलायला लागतात, छताकडं बघून पक्षी आलाय म्हणून किंचाळतात, आणि शेवटी मेरी फुटते आणि त्यांच्यात जाऊन मिळते. सगळ्या वर्गाला त्या पोरी करायला लावा, एकाला मेरी. दीड मिनिटात मेरीचं तोंड बघा. नंतर एकच विचारायचं : पोरींची म्होरकी ॲबिगेल का ओरडली ते कळलं, तिला स्वतःचं वाचवायचंय, पण चौथी-पाचवी का ओरडली? इथं वर्ग शांत होतो. प्रॉक्टर व्हायला प्रत्येकालाच आवडतं हो, पाचवी पोरगी मी आहे हे म्हणायला वेळ लागतो.

आणि "जुन्या काळातलं" म्हणणाऱ्यांना राईनपाडा सांगा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, पोरं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते, आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी ठेचून मारलं. त्यांच्यात आपल्या मंगळवेढा तालुक्यातली माणसं होती. त्या मेसेजांत चेटूक नव्हतं, भूत नव्हतं, मोबाईल होता. "फॉरवर्ड कुणी कुणी केलं असेल" एवढं विचारा आणि सोडून द्या, पोरं आपापल्या फोनकडं बघतात.

मिलरला तरी कुठं चेटकिणींबद्दल लिहायचं होतं? त्या वेळी अमेरिकेत कम्युनिस्टांची भीती होती, संसदेची एक समिती लेखक, नट, दिग्दर्शकांना बोलावून विचारायची की तुमच्याबरोबर मीटिंगला आणखी कोण होतं. नावं दिली की नोकरी शाबूत. त्याचं आधीचं गाजलेलं नाटक बसवणारा मित्र, इलिया कझान, त्यानं १९५२ मध्ये नावं दिली. त्याच वर्षी मिलर सालेमला जाऊन खटल्यांची जुनी कागदपत्रं वाचत बसला. मजा अशी की नाटक येऊन तीन वर्षांनी, १९५६ मध्ये, त्याच समितीनं मिलरलाच बोलावलं, तो म्हणाला स्वतःबद्दल विचारा, दुसऱ्याचं नाव सांगणार नाही. १९५७ मध्ये त्याला दोषी ठरवलं, १९५८ मध्ये वरच्या कोर्टानं ते रद्द केलं. प्रॉक्टरच्या तोंडी जे लिहिलं ते त्याला स्वतःला म्हणावं लागलं.

पालकांचं. चिडू नका, त्यांना एखाद्या शनिवारी वर्गात बसवा. आपल्याकडं २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. दाभोलकरांचा पुण्यात खून झाला त्या वर्षीचा. त्याच्या अनुसूचीत अमका माणूस करणी करतो, मंत्रानं जनावराचं दूध आटवतो, असं म्हणून कुणाला त्रास देणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं. आणि नाटकात बघा, मार्था कोरीवर आरोप का, तर तिच्याकडनं घेतलेलं डुक्कर मेलं. तिकडं डुक्कर, इकडं म्हशीचं दूध.

फक्त एक सांभाळा. तुमच्या वर्गात एखादं पोरगं म्हणणारच, बाई माझ्या आजीच्या अंगात येतं. हसू द्यायचं नाही, तुम्हीही हसायचं नाही. रूपाभवानीला नवरात्रात गेलेल्या पोरांना आपण काय नवीन सांगणार. एवढंच विचारा, अंगात आल्यावर आजीनं कधी कुणाचं नाव घेतलं का, की अमकीनं केलंय? बहुतेक पोरं नाही म्हणतात. सालेममध्ये पोरी पडत होत्या तोवर त्या आजारी होत्या. नाव विचारल्यावर बिघडलं.

प्रॉक्टर-ॲबिगेल. गाळू नका, गाळलंत तर ॲबिगेल प्रॉक्टरच्या बायकोवर, एलिझाबेथवर का उठते हेच कळत नाही, मग ती नुसती वेडी वाटते. पण आधी हे सांगा की ते मिलरनं रचलेलं आहे. खरी ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची होती, खरा प्रॉक्टर साठीचा, मिलरनं एकीला सतरा केलं आणि दुसऱ्याला तिशीत आणलं. "मालक आणि कामवाली पोरगी यांच्यात नको ते घडलं, बायकोला कळलं, पोरीला कामावरनं काढलं" एवढं एका वाक्यात सांगून पुढं चला, घरच्या मालिकांत याहून जास्त दिसतं त्यांना. पण माझ्या वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, आईबाप नसलेली सतरा वर्षांची पोरगी आणि तिशीतला बायको-पोरांचा मालक, मग नाटक सगळा दोष तिच्यावरच का टाकतं? माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि मला स्वतःला मिलर तिथं कमी पडलाय असंच वाटतं. तुमच्या पोरींनी विचारलं तर तो तास तिथंच जाऊ द्या. मराठीचे सर तयार असतील तर सोबत तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्या, खेळातल्या खोट्या खटल्यात बेणारेबाईंना कसं घेरतात ते शेजारी ठेवून वाचलं की पोरं आपापली बोलायला लागतात.

गॅदरिंगचं : शाळेतलीच पोरं करणार, बघणारे शाळेतले आणि पालक, तर कॉपीराइट कायद्यात त्याला मुभा आहे. तिकीट लावून हुतात्मा स्मृती मंदिरात करायचं मनात आलं तर आधी रीतसर परवानगी घ्या, मिलर २००५ मध्ये गेला, हक्क अजून आहेत.

प्रश्न : सर, मी दहावीला आहे. आमच्यात पैज लागलीय. सालेममध्ये चेटकिणींना जाळलं होतं का फाशी दिली? आणि ज्यांनी खोटं सांगितलं त्या पोरींचं पुढं काय झालं? आणि नुसत्या नावासाठी कोण मरतं का?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : फाशी. जाळणं युरोपात बऱ्याच ठिकाणी होतं, सालेममध्ये एकालाही जाळलं नाही, तेव्हा वडापाव कुणी द्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. पोरींतली ॲन पुटनम, खटल्यांच्या वेळी बारा वर्षांची, तिनं १७०६ मध्ये भर चर्चमध्ये माफी मागितली, म्हणजे पाद्र्यानं तिचा लेखी माफीनामा वाचला आणि ती उभी राहिली. न्यायाधीशांपैकी सॅम्युअल स्यूअलनं १६९७ मध्येच तशी माफी मागितली होती. १७११ मध्ये काही घरांना नुकसानभरपाई मिळाली. शेवटचं नाव साफ व्हायला मात्र २०२२ उजाडलं, एलिझाबेथ जॉन्सन, तिला फाशी झाली नव्हती पण दोषी म्हणून नाव तसंच राहिलं होतं.

नावाचं विचारतोस, तर चार हुतात्मा पुतळ्यांपुढनं जातोस ना शाळेला? मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, १२ जानेवारी १९३१, येरवड्यात फाशी. उद्या तिथं थांबून नावं वाच आणि मग मला परत लिही.

प्रश्न : सर, माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या नाटकात ॲबिगेलचं काम करते. काम चांगलं करते म्हणतात, पण आता वर्गातली पोरं तिला चेटकीण म्हणून हाक मारतात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरपण. ती आधी हसत होती, आता तालमीला नको म्हणते. काम सोडायला लावू का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, काम सोडायला लावू नका, निदान तिनं स्वतः ठरवेपर्यंत तरी. आणि "दुर्लक्ष कर" असंही म्हणू नका, ते तिनं करून झालंय.

शाळेत जा, पण ज्या पोरानं पहिल्यांदा म्हटलं त्याचं नाव मागायला जाऊ नका, सगळी पोरं एकमेकांकडं बोट दाखवतील आणि एक गरीब सापडेल. बाईंना एवढंच सांगा की पात्रं फिरवा. दर शनिवारी ॲबिगेल वेगळी, चेटकीण म्हणणाऱ्या पोरांनाही एकेकदा तो प्रवेश करू दे, पोरगा असला तरी, शेक्सपियरच्या काळात बायकांची कामं पोरंच करायची आणि आपल्याकडं बालगंधर्व होऊन गेले. भूमिका सगळ्यांच्या अंगावरनं गेली की नाव एकटीला चिकटत नाही. ग्रुपचं मात्र क्लासटीचरला स्क्रीनशॉट दाखवून सांगा, ते तालमीपुरतं राहत नाही.

घरी तिच्याबरोबर एकदा बाकीच्या पोरींचे संवाद तुम्ही वाचा, ती ॲबिगेल. इंग्रजी वाचायला अडत असेल तर तिलाच मराठीत सांगायला लावा. तुम्ही चुकलात की ती हसेल, तेवढ्यानंसुद्धा बरंच होतं. आणि तिसऱ्या अंकात किंचाळून घसा बसतो, डिसेंबरातली थंडी आहे, तालमीला जाताना दप्तरात गरम पाण्याचा थर्मास द्या.